फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी

आपल्या गावातल्या प्रत्येक शाळेबद्दल एकेक वाक्य ठरून गेलेलं आहे. जिल्हा परिषदेची केंद्रीय प्राथमिक शाळा? "खिचडी खायला जातात लेकरं." प्रशाला? "आमच्या वेळी होती प्रशाला, आता काय राहिलंय." कन्या शाळा? "पोरींसाठी बरी, जवळ पडते." संस्थेचं हायस्कूल? "निकाल चांगला लागतो, पण ओळख लागते." वस्तीवरची शाळा? "दोनच मास्तर, त्यातला एक कायम मीटिंगला." बायपासची इंग्लिश स्कूल? "टाय असतो, गाडी दारात येते." उर्दू शाळेबद्दल तर तिथं ज्यांची लेकरं नाहीत त्यांना काहीच ठाऊक नसतं, तरी मत असतंच.

ही वाक्यं स्टँडवर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात फिरतात. त्यांतली निम्मी पूर्वी कधीतरी खरी होती, काही कधीच नव्हती. आणि मे सरत आला की तुम्ही येता, "बाई, लेकराला कुठं घालावं?" मी जन्मभर शाळेतच वावरले, आधी वर्गावर, मग केंद्रप्रमुख म्हणून, तेव्हा मी पटकन एक नाव सांगावं अशी तुमची अपेक्षा असते. मी सांगत नाही, याचा काहींना रागही येतो. पण शाळा माहीत असल्या तरी यंदा पहिलीचा वर्ग कोणाच्या हाती जाणार हे मला घरी बसून कसं कळावं? आणि तुलना करायची ती तिथंच. दुभती म्हैस घ्यायची तर आपण दोन वेळची धार काढून बघतो. शाळेची मात्र नुसती पाटी वाचून येतो.

आधी एक गैरसमज दूर करू. संस्थेचं हायस्कूल म्हणजे 'प्रायव्हेट' आणि जिल्हा परिषदेची ती सरकारी, असं तुम्ही म्हणता. पण संस्थेच्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचा पगारही सरकारी तिजोरीतूनच येतो. पुस्तकं आठवीपर्यंत दोन्हीकडे फुकट, खिचडी दोन्हीकडे शिजते. फरक आहे तो कारभार कोणाचा याचा. आपल्या मराठवाड्यात ही विभागणी जुनी आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत इथं निजामाची राजवट. सरकारी शाळा थोड्या आणि वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू. मग हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी अशा शाळा लोकांनी उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्हीकडे शिक्षक होते. संस्थेच्या हायस्कुलांचं मूळ तिथं आहे. सरकारी शाळा 1962 साली जिल्हा परिषदा आल्यावर त्यांच्याकडे गेल्या, म्हणून आपल्याकडे जिल्हा परिषद दहावीपर्यंतची प्रशाला चालवते. सातारा-सांगलीकडच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. त्यांच्याकडे हायस्कूल म्हटलं की बहुतेक संस्थेचंच. आपल्या प्रशालेच्या जाड दगडी भिंती निजामकाळातल्या आहेत. पावसाळ्यात कोणत्या खोलीत गळतं ते मुलांना पाठ असतं.

कारभार कोणाचा हे माहीत असावं ते तक्रारीपुरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत काही खटकलं तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी अशी वाट आहे. संस्थेच्या शाळेत ती वाट आधी संस्थेच्या ऑफिसातून जाते, आणि सचिव तुमच्या भावकीतला असला तर सोपी होते, नसला तर लांबते. अजून एक विचारून घ्या: शाळा पूर्ण अनुदानित आहे की अंशतः? वीस-चाळीस टक्के पगारावर वर्षानुवर्षं शिकवणारे चांगले शिक्षक मी पाहिलेत. त्यांना संध्याकाळी दुसरं काहीतरी करून घर चालवावं लागतं. त्यांचा दोष नाही, पण तुमच्या लेकराचा वर्ग त्यांच्याकडे असेल तर तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

आता बघायचं कसं ते.

मे महिन्यात शाळेला कुलूप असतं, म्हणून मेमध्ये शाळा बघता येत नाही. जून उजाडला की सगळ्याच शाळा गुलाबाची फुलं देतात. सव्वीस जानेवारीला आणि गॅदरिंगला जाऊन काही कळत नाही. तेव्हा दिसते ती तयारी. शनिवारी सकाळची शाळा, सोमवारी आपला बाजार, म्हणून वर्गात निम्मी लेकरं. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, अकरा-साडेअकराला जा. आधी मुख्याध्यापकांना भेटा, सांगा, "पुढच्या वर्षी लेकरू घालायचंय, जरा वर्ग बघू का?" चांगला मुख्याध्यापक तुम्हाला बसायला खुर्ची देतो आणि स्वतः उठून वर्गाकडे नेतो. जो ऑफिसातच चहा मागवतो आणि भिंतीवरच्या ढालींची माहिती सांगत बसतो, त्याच्याकडचा चहा प्या, पण वर्ग बघितल्याशिवाय उठू नका.

तिसरीच्या वर्गात जा. पहिलीच्या नको, तिथं सगळीच लेकरं गोड वाटतात. बाईंना विचारून एका लेकराला जवळ बोलवा, पहिल्या बाकावरचं नको, खिडकीशी मागे बसलेलं. त्याला दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला किंवा विसरलेला एखादा परिच्छेद वाचायला द्या. घाई करू नका, आवाज चढवू नका. ते अडखळत का होईना वाचतं का, आणि वाचून झाल्यावर "मग त्या मुलानं काय केलं?" असं विचारलं तर उत्तर देतं का, एवढंच बघायचं. जमलं तर एक हातच्याची वजाबाकी. देशभर खेडोपाडी 'असर'ची पाहणी होते, ती 'प्रथम' संस्थेनं 2005 साली सुरू केली. त्यांची पद्धत जवळपास हीच आहे. घरी जाऊन एकेका लेकराला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली नाही. त्यांत सरकारी शाळेतली लेकरं होती तशी खाजगीतलीही होती. म्हणजे टायचा आणि वाचनाचा संबंध आपल्याला वाटतो तितका सरळ नाही.

एका लेकरावरून मत करू नका. तिघा-चौघांना वाचू द्या. त्यातलं एखादं अडेल. मग त्याच्याकडे बघू नका, बाईंकडे बघा. बाई ओशाळून "हा जरा कच्चाच आहे, रोज येत नाही" म्हणतात, की त्याच्याजवळ सरकून अडलेल्या जोडाक्षरावर बोट ठेवतात? मला विचाराल तर सगळ्या तपासणीत मी याला सर्वांत जास्त गुण देते. हुशार लेकरू कुठंही शिकतं. अडणाऱ्या लेकराचं पुढं काय होतं ते शाळा-शाळांत वेगळं असतं, आणि आपलं लेकरू कधी ना कधी कुठंतरी अडणारच आहे.

मग वह्या बघा. वीस वह्यांत एकच उत्तर, त्याच शब्दांत, त्याच विरामचिन्हांसह, खाली लाल शाईची मोठी बरोबरची खूण. हे फळ्यावरून उतरवलेलं आहे. अक्षर मोत्यासारखं असलं तरी भुलू नका. उलट एखाद्या वहीत "माझ्या आज्जीची गाय काल येली" असं वेडंवाकडं, चुकलेलं, पण लेकराचं स्वतःचं वाक्य दिसलं आणि खाली बाईंनी चूक सुधारून दिलेली दिसली, तर त्या वर्गात शिकणं चाललंय असं समजा.

भिंतींकडे मात्र फार वेळ बघू नका. गेल्या काही वर्षांत 'माझी शाळा सुंदर शाळा' आणि असल्या उपक्रमांनी शाळा रंगल्या, ते चांगलंच झालं. आमच्या खात्यात अशा रंगवलेल्या भिंतींना 'बोलक्या भिंती' म्हणतात. भिंती बोलक्या आणि वर्गातली मुलं गप्प, असंही मी पाहिलंय. परिपाठाला माइकवर एकच मुलगी रोज बोलते का, की पाळीपाळीनं सगळी बोलतात, ते विचारा. मुलांनाच विचारा, ती खोटं सांगत नाहीत. स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा, नळ सोडून बघा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात असेल तर सहावी-सातवीतल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आयांना समजावून सांगायची गरज नाही. खिचडी वाढायची वेळ झाली असेल तर एक घास मागून खा. पहिली ते पाचवीच्या लेकराला शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्याला दीडशे ग्रॅम तांदूळ असं प्रमाण ठरलेलं आहे, आणि चव घेऊन नोंद करायची वही शाळेत असते. तुमच्या गल्लीतली आई त्या वहीत सही करते का?

आता खरी अडचणीची गोष्ट.

छोट्या गावात शाळांची तुलना ही शहरातल्यासारखी नसते. पुण्यात तुमचं एक लेकरू या शाळेतून त्या शाळेत गेलं तर दोन्ही शाळांना पत्ताही लागत नाही. आपल्या गावात लागतो. शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ पटापर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, एकशेवीसपर्यंत चार अशी गणती आहे. शासन निर्णय यात अधूनमधून फेरफार करतात, शिक्षक संघटना भांडतात, पण गणित पटावरच चालतं. तीस सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते आणि कुठल्या शाळेला किती पदं ते ठरतं. तेव्हा पट एकसष्ट आहे की अठ्ठावन्न, यावर तिसरा शिक्षक राहतो की 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या गावी जातो ते अवलंबून. अठ्ठावन्न आणि एकसष्ट यांत फरक किती? तुमची दोन आणि शेजारणीचं एक.

वस्तीवरच्या शाळेचं हेच झालंय. तिथं पाच वर्ग, दोन शिक्षक. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी-पाचवी. एक केंद्राच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की पाचही वर्ग एकाकडे. कायद्यानं शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरी बिगरशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण निवडणूक म्हटलं की तिच्यात यादीपासून सगळं येतं, आणि ऑनलाइन माहिती भरण्याला तर काम म्हणून कोणी मोजतच नाही. "दोनच मास्तर" हे तुमचं वाक्य खरं आहे. पण ते दोनच का, तर गेल्या काही वर्षांत वस्तीवरून पिवळ्या गाड्या भरून लेकरं बायपासला गेली म्हणून. आधी शाळा वाईट झाली आणि मग लेकरं गेली, की लेकरं गेली म्हणून शाळा वाईट झाली, यावर पारावर कितीही वाद घाला. दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालून चाललेलं असतं. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा राज्यात अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास होती. वस्तीवरची शाळा त्या यादीत गेली तर पाच-सहा वर्षांच्या लेकरांना ओढा ओलांडून यावं लागेल.

म्हणून मी असं म्हणणार नाही की गावासाठी त्याग करा आणि लेकरू वस्तीच्या शाळेत घाला. लेकराचं वर्ष हा कुणाच्या चळवळीचा खर्च नव्हे. मी एवढंच म्हणते की एकट्यानं ठरवू नका. वस्तीवरच्या सात-आठ घरांतल्या आया एकत्र बसून ठरवतील तर त्यांच्यापाशी पट असतो. पट घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढं बसता येतं: आम्ही इतकी लेकरं घालतो, तिसरी ते पाचवीला कोण देता ते सांगा. असं बोलून बघितलेल्या गावांना शिक्षक मिळालेत. नेहमी नाही, पण मिळालेत.

आपल्याकडचं अजून एक. आपला बालाघाटाचा पट्टा ऊसतोडीचा. सप्टेंबरात पट भरलेला असतो आणि दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की वर्ग अर्धे होतात. ज्या शाळेत हंगामी वसतिगृह नीट चालतं, म्हणजे आजीपाशी मागं राहिलेल्या लेकरांना खरोखर दोन वेळ जेवण मिळतं, ती शाळा माझ्या दृष्टीनं आधी उभी राहते. ज्यांना कारखान्यावर जावं लागतं त्यांनी शाळा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, सेमी इंग्रजीचा नंतर.

बदल्यांबद्दलही विचारून घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुण्याकडची वाबळेवाडीची शाळा बघायला लोक लांबून जात. अशा शाळांची नावं घेऊन आपण म्हणतो, "झेडपी असावी तर अशी." खरं आहे. पण अशी शाळा बहुधा एकदोन माणसांच्या खांद्यावर उभी असते, आणि जिल्हा परिषदेतल्या माणसाची बदली होते. तुम्ही ज्या बाईंवर भरवसा ठेवून लेकरू घालताय त्यांची बदलीची वेळ जवळ आली आहे का, हे विचारण्यात गैर काही नाही. संस्थेत बदली कमी, म्हणून चांगला शिक्षक टिकतो. आणि वाईटही टिकतो.

आता हायस्कुलाचा निकाल. दहावीचा निकाल लागला की गावात फ्लेक्स लागतात, "शंभर टक्के निकाल, उज्ज्वल यशाची परंपरा." फ्लेक्सखाली उभं राहून एक प्रश्न विचारा: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला शाळेतून किती बसली? ऐंशीतली चोपन्न बसली असतील तर बाकीची सव्वीस कुठं गेली? काही ऊसतोडीला गेली असतील, काही मुलींची लग्नं झाली असतील, तेही दुःखाचंच. पण काहींना नववीतच सांगितलं जातं, "तुम्ही सतरा नंबरचा फॉर्म भरा." म्हणजे बाहेरून परीक्षा द्या, शाळेच्या निकालात येऊ नका. कच्च्या मुलांना अशी वाट दाखवून शंभर टक्के निकाल लावणारी शाळा आणि सगळ्यांना बसवून ब्याऐंशी टक्के लावणारी शाळा यांत मी दुसरी निवडीन. तुमचं लेकरू पहिल्या पाचांत असेल तर तुम्हाला फरक पडणार नाही, मान्य. पण आठवीत असताना ते कोणालाच माहीत नसतं.

प्रशालेचं म्हणाल तर तिथं अडचण आहे ती विषयशिक्षकांची. कायद्यानं सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं असे किमान तीन शिक्षक हवेत. कागदावर असतात. तुम्ही विचारा, "विज्ञान कोण शिकवतं, आणि त्यांचा मूळ विषय कोणता?" मराठीचे सर विज्ञान शिकवत असतील तर प्रयोगशाळेचं कपाट उघडून बघा, काचेच्या नळ्यांवरची धूळ पुरेसं सांगेल. जिथं नळ्या फुटलेल्या असतात तिथं विज्ञान शिकवलं जातं, हा माझा जुना अंदाज. फारसा चुकत नाही.

बायपासच्या शाळेचा विषय टाळून चालणार नाही, कारण तुमच्या मनात खरी तुलना तिच्याशीच आहे. इंग्रजी यावं ही तुमची इच्छा रास्त आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात घ्या. मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, आणि सेमी इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. तेव्हा प्रश्न इंग्रजी आहे की नाही हा नसून शिकवणाऱ्याला ते किती येतं हा आहे, दोन्हीकडे. बायपासच्या शाळेतल्या शेजारच्या लेकराला घरी बोलवा. त्याला त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं अर्धं पान वाचायला सांगा आणि मग म्हणा, "आता मला मराठीत सांग, यात काय आहे?" सांगितलं तर शाळा चांगली आहे, बिनधास्त घाला. नुसतं फाडफाड वाचून तुमच्या तोंडाकडे बघत राहिलं, तर फी कशाची चाललीय ते त्याच्या आईबापांनाही हळूच सांगा.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती तुम्हाला बहुधा कोणी सांगितलेली नसते. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर. पण ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच. विनाअनुदानित शाळेतलं लेकरू कितीही हुशार असो, त्याला ती परीक्षा देता येत नाही. हुशार लेकरू सातवीला बायपासला हलवणाऱ्या बापांनी हे आधी ऐकावं. आणि शिक्षण हक्क कायद्यातल्या, म्हणजे आरटीईच्या, खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांच्या सोडतीत नंबर लागला म्हणून आनंदात असाल तर लक्षात ठेवा, फुकट ते आठवीपर्यंत. नववीला फी भरावी लागते, आणि नववीत शाळा बदलणं लेकराला सगळ्यांत जड जातं. 2024 च्या फेब्रुवारीत राज्यानं नियम काढला होता की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला. त्यामुळे आपल्यासारख्या गावातही ती वाट अजून उघडी आहे. जायचं तर जा, पण नववीचा हिशोब पहिलीत करून जा.

नवोदयची स्वप्नं बघणाऱ्यांसाठीही एक बारीक अट आहे. सहावीच्या प्रवेशात किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात, पण तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत गेलेली हवीत. एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असलं तर लेकरू शहरी धरतात. आता तुम्ही म्हणाल, आपण काय शहरात राहतो का? राहतो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा आपण फटाके वाजवले होते. हद्दीतल्या शाळा त्या हिशेबात शहरी, आणि ओढ्यापलीकडची, ज्या शाळेला तुम्ही "दोनच मास्तर" म्हणता, ती ग्रामीण. नवोदय जिल्ह्यात एक, जागा साधारण ऐंशी, हजारो लेकरं परीक्षा देतात. म्हणून निव्वळ यासाठी शाळा बदलू नका. पण तिसरीत असलेलं लेकरू पलीकडून अलीकडे आणण्याआधी थोडा विचार करा.

मुलींबद्दल दोन शब्द. आठवीनंतर मुलगी कुठं शिकणार हे बहुतेक घरांत शाळेच्या दर्जावर ठरत नाही, रस्त्यावर ठरतं. आसपासच्या वाड्यांतल्या आयांनी आधी एसटीची वेळ विचारावी. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि मानव विकासच्या गाड्या मागास तालुक्यांत खास मुलींसाठीच सोडतात. गाडी पाचला सुटते आणि शाळा सव्वापाचला, असं असेल तर चांगल्यात चांगली शाळाही तुमच्या मुलीच्या उपयोगाची नाही. असली वेळ बदलून घेता येते. त्यासाठी आगारात अर्ज द्यावा लागतो, आणि तो शाळेच्या लेटरहेडवर असला की लवकर हलतो. मुख्याध्यापक तसा अर्ज द्यायला तयार आहेत का, हीसुद्धा तुलनाच.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल तुम्ही ऐकलं असेल. तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात, महिन्याला बैठक हवी. बऱ्याच ठिकाणी ही बैठक अशी होते की एक मुलगा रजिस्टर घेऊन घरी येतो आणि तुम्ही कणकेचा हात पुसून सही करता. शाळा बघायला जाल तेव्हा मागच्या तीन बैठकांचं इतिवृत्त मागा. त्यात "विषय क्रमांक एक, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे" याच्यापुढं काही आहे का? कुणा आईनं विचारलेला एखादा वाकडा प्रश्न तिथं लिहिलेला सापडला, तर त्या शाळेत आयांचं ऐकलं जातं. सध्या तुमचं लेकरू जिथं शिकतंय तिथं मात्र पुढच्या सहीच्या आधी रजिस्टर उघडून वाचा, मुलगा थांबेल.

आणि ज्यांचं लेकरू आधीच कुठंतरी आहे आणि मन खातंय, त्यांच्यासाठी. वर्ष मध्यात असेल आणि फार मोठं कारण नसेल तर हलवू नका. फार मोठं कारण म्हणजे मार, छळ किंवा लेकराचं शाळेला जायचंच सोडून देणं. वर्गात मारणं कायद्यानं बंद आहे, "थोडी शिस्त हवीच की" असं म्हणून आपणच त्याला वाट देऊ नये. हलवायचंच ठरलं तर दाखल्यावरून कोणी अडवू देऊ नका. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आठवीपर्यंत जुन्या शाळेला दाखला रोखून धरता येत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. फी थकली म्हणून बायपासची शाळा दाखला देत नाही, अशी रड दरवर्षी जूनमध्ये ऐकू येते. तुम्ही सरळ केंद्रीय शाळेत जा, लेकराला वर्गात बसवा, मुख्याध्यापकांकडून प्रवेश अर्जाची पोच घ्या. दाखला मागवायचं पत्र मग तेच पाठवतील. तेवढ्यानंही हललं नाही तर पोचेची झेरॉक्स घेऊन पंचायत समितीत या. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं ऑफिस जिन्यावरून डाव्या हाताला आहे, आणि मी बहुतेक गुरुवारी पेन्शनच्या कामाला तिथंच असते.